वाद्य शिकणे कोणाला जमते?

आपल्या वऱ्हाडात भजन सगळ्यांच्या ओळखीचे आहे. अमरावतीकडे जा, नाही तर अकोल्याकडे जा. सांज झाली की कुठून तरी टाळ ऐकू येतो. एकादशीला देवळात सतरंजी पडते. पेटी येते, मृदंग येतो, खंजिरी येते.

पण किती तरी गावांत एक गोष्ट घडते. मृदंग वाजवणारे बुवा एकटेच असतात. ते म्हातारे होतात. त्यांचे हात कापू लागतात. मग एक दिवस मृदंग खुंटीला लागतो. त्याच्यावर धूळ बसते. हळूहळू भजनही बंद पडते.

अशा वेळी कोणाला म्हणावे, "तुम्ही का शिकत नाही?" तर एक जण म्हणतो, "आमच्यानं कुठचं होते बाप्पा! ते जन्माचंच असा लागते." दुसरा म्हणतो, "आता वय झालं माह्यं." तिसरा म्हणतो, "मले काय ताल समजते?"

ही माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांना तसे खरेच वाटते. पण तो समज चुकीचा आहे. आपण एकेक समज घेऊ आणि खरे काय ते पाहू.

१. "कला जन्माचीच लागते"

तुम्ही पहिल्यांदा डवरा धरला तो दिवस आठवा. बैल एकीकडे, तास दुसरीकडे. पऱ्हाटीची दोन-चार झाडे नक्कीच कापली गेली असतील. वडील रागावले असतील. पण आज तुमचे तास सरळ जाते. हे जन्माचे होते काय? नाही. रोज डवरा धरला म्हणून हात बसला.

वाद्याचेही तसेच आहे. एखाद्याला लवकर येते, एखाद्याला उशिरा येते. सगळी जमीन काही सारखी नसते. एक काळी कसदार, एक बरड. पण मेहनत केली तर बरडातही पीक येते. नुसती काळी जमीन पडीक ठेवली तर तिथे गवतच माजते.

"मले ताल समजत नाही," असे म्हणणाऱ्याने एक करून पाहावे. लग्नात वाजंत्री सुरू झाली की आपला पाय हलतो का, ते पाहावे. पाय हलला म्हणजे ताल समजला. ज्यांना सूर-ताल मुळीच ओळखता येत नाही, अशी माणसे फार थोडी असतात.

आवाज नाजूक व गोड नसला तर गाता येत नाही, असेही लोक म्हणतात. गंगूबाई हनगल या मोठ्या गायिका धारवाडच्या. त्यांचा जन्म 1913 चा. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज पुरुषासारखा भरदार झाला. त्यांनी गाणे सोडले नाही. त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या आणि देशभर नावाजल्या.

२. "वय निघून गेले"

लहान पोराचे कान तीक्ष्ण असतात. ते ऐकतात आणि लगेच उचलतात. हे खरे आहे. पण मोठ्या माणसाजवळ दुसरे बळ असते. त्याला धीर असतो. आपले कुठे चुकते, हे त्याला समजते. आणि शेकडो भजने ऐकून त्याचे कान आधीच तयार झालेले असतात.

तुम्ही हे पान वाचत आहात. अक्षरे तुम्ही मोठेपणीच शिकलात ना? तेव्हाही कोणी तरी हसले असेल. "म्हातारपणी शाळा कायले?" असे म्हणाले असेल. तरी तुम्ही शिकलात. ज्या डोक्यात बाराखडी बसली, त्या डोक्यात तालही बसतो.

३. "पुस्तकाशिवाय येत नाही" आणि "पुस्तकानेच येते"

हे दोन उलटे समज आहेत. दोन्ही अर्धवट आहेत.

आपल्याकडे वाद्य तोंडी शिकवतात. आधी बोल तोंडाने म्हणायचे, मग हाताने वाजवायचे. ज्याला अक्षर येत नाही, तोही असा शिकतो. पण लिहून ठेवलेले विसरत नाही, हाही मोठा फायदा आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. नजर अधू झाली. तरी ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ गाणे शिकले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यापूर्वी गाण्याची विद्या बहुतेक घराण्यांतच राहत असे. पलुस्करांनी तिचे धडे बांधले, सूर लिहून ठेवण्याची रीत काढली आणि ती शाळेत आणली.

आता आपणही एक धडा लिहू. केरवा तालाच्या आठ मात्रा आहेत. त्याचे बोल असे:

धा गे न ती | न क धी न

एक बोल, एक मात्रा. सगळ्या मात्रा सारख्या अंतराने म्हणा. पहिल्या "धा"वर टाळी द्या. पाचव्या मात्रेला, म्हणजे दुसऱ्या भागातल्या "न"वर, टाळी न देता हात बाजूला न्या. त्याला खाली म्हणतात. आठ झाले की पुन्हा "धा"वर या. हे बोल वहीत लिहा. भिंतीला टेकून बसा आणि मांडीवर हात मारून म्हणा. मृदंग नसला तरी शिकणे सुरू झाले.

पण हात कसा पडावा, थाप कशी उघडी वाजावी, हे वही सांगत नाही. मोबाईलमध्ये पाहूनही अर्धेच समजते. तुमचा हात कुठे चुकला ते मोबाईलला दिसत नाही. त्यासाठी जाणत्याजवळ बसावेच लागते.

४. "महागाचे वाद्य पाहिजे"

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आपल्या अमरावती जिल्ह्यातले. जन्म 1909 साली यावलीला. शाळा फार झाली नाही. त्यांच्या हातातले वाद्य कोणते? खंजिरी. लाकडाचे एक कडे, एका बाजूला कातडे आणि कड्यात छोट्या चकत्या. एवढेच. या खंजिरीवर भजने म्हणत ते गावोगाव फिरले. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. 1955 साली ते जपानच्या धर्मपरिषदेला गेले. 1968 साली त्यांचा देह गेला. आजही वऱ्हाडात खंजिरी म्हटली की महाराज आठवतात.

म्हणून आधी टाळ घ्या, खंजिरी घ्या. ताल पक्का झाला की मग मृदंग, मग पेटी. पेटी घेऊन कोपऱ्यात ठेवली तर ती उंदराच्या कामी येते.

५. "जोरात, जलद आणि रात्रभर वाजवले की येते"

नवा शिकणारा लगेच पळू लागतो. जलद वाजवले की ऐकणारे खूश होतात. पण पळताना चूक झाकली जाते. तीच चूक हाताला लागते आणि मग जात नाही. सावकाश वाजवा. सावकाश चुकत नसेल तरच थोडे जलद करा.

एकादशीला रात्रभर आणि मग महिनाभर काही नाही, हेही बरे नव्हे. रोज पाव तास बसा. शेतातून रोज चालले की पायवाट पडते. एका दिवशी शंभर माणसे गेली आणि मग कोणी गेले नाही, तर गवत पुन्हा उगवते. झोपेतही डोके दिवसाचे शिकलेले पक्के करीत असते, असे शास्त्र सांगते. म्हणून रोज थोडे हेच खरे.

६. "हे आपले काम नव्हे"

हा समज सगळ्यांत वाईट आहे. अमक्या जातीने डफडे वाजवावे, तमक्याने त्याला हात लावू नये, असे गावात चालत आले. काही लोकांवर वाजवण्याचे काम लादले गेले आणि वर त्यांनाच हलके मानले. यात दोष वाद्याचा नाही, लादणाऱ्याचा आहे. कातडे तेच, लाकूड तेच. देवळातला मृदंग पवित्र आणि डफडे हलके, हे कसे? ज्याची इच्छा असेल त्याने शिकावे. ज्याची इच्छा नसेल त्याच्यावर कोणी लादू नये.

बायांनी वाजवू नये, असेही म्हणतात. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईला ताल शिकवायला नको. तिला मंडळात जागा द्यायला पाहिजे.

७. "दही खाल्ले की आवाज बसतो"

आवाजाची जागा श्वासाच्या नळीत असते. घास दुसऱ्या नळीने पोटात जातो. म्हणून दही किंवा ताक आवाजाच्या जागेवर जाऊन बसत नाही. एखाद्याचा घसा आंबटाने खवखवत असेल, तर त्याने ते टाळावे. इतके पुरे.

आवाज खरा बिघडतो तो ओरडून, विडीने आणि खर्‍याने. भजनाच्या मध्यंतरात खर्रा फिरतो, तो बंद करा. विडी-तंबाखूने तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिला, तर काढ्यावर भागवू नका. डॉक्टरला दाखवा.

मग आज काय करावे?

तुमच्या गावचे बुवा अजून आहेत काय? तर आजच त्यांच्याकडे जा. नमस्कार करा आणि म्हणा, "बुवा, मले शिकवा." त्यांच्या हातात पन्नास वर्षांचा ताल आहे. तो कोणत्याही वहीत लिहिलेला नाही. ते गेले की तो त्यांच्याबरोबर जाईल. तुम्ही जवळ बसलात, तर तो गावात राहील.

पहिल्या दिवशी हात चुकेल. लोक हसतील. हसू द्या. डवरा धरला तेव्हाही हसलेच होते.

सांगा पाहू

१. केरवा तालाच्या मात्रा किती? खाली कितव्या मात्रेला येते?
२. सावकाश वाजवून का शिकावे?
३. तुकडोजी महाराजांचे वाद्य कोणते होते?
४. तुमच्या गावात मृदंग कोण वाजवतो? त्याच्याजवळ कोण शिकत आहे?