मलबार प्रिन्सेसचा आकाशमार्ग

एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून उडाले आणि कैरो, जिनिव्हा असे मुक्काम घेत १० जूनला सकाळी लंडनला उतरले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनलाच निघाली होती. त्या काळी हा प्रवास आठवड्यांत मोजत. तो आता दोन रात्रींवर आला. विमानाच्या या पहिल्या फेरीत प्रवासी होते ३५ आणि तिकीट १,७२० रुपये.

विमान अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचे कॉन्स्टेलेशन होते. पंख्यांची चार इंजिने, माशासारखे बाकदार अंग आणि शेपटीवर तीन उभी सुकाणे. एकच उंच सुकाणू केले असते, तर ते त्या वेळच्या हँगरमध्ये मावले नसते.

त्याची खरी श्रीमंती होती हवाबंद केबिन. डाकोटा विमानात ही सोय नसल्याने तीन हजार मीटरच्या आसपासच, ढगांचे धक्के खात जावे लागे. कॉन्स्टेलेशनमध्ये इंजिनाच्या जोरावर हवा आत दाबून भरली जाई. विमान सहा हजार मीटरवर असले, तरी प्रवाशाला सिमल्याच्या थोडे वर बसल्याइतकीच विरळ हवा लागे. खराब हवामान बरेचसे खाली राही आणि माणसाला झोप येई.

या विमानांवर संकटेही आली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ जण गेले. त्यांत बहुसंख्य होते बोटीवर रुजू व्हायला निघालेले भारतीय खलाशी. ११ एप्रिल १९५५ रोजी ‘काश्मीर प्रिन्सेस’ या दुसऱ्या कॉन्स्टेलेशनमध्ये हाँगकाँगला लपवलेला बॉम्ब फुटला. कॅप्टन दा. का. जटार यांनी जळते विमान समुद्रावर उतरवले. ते स्वतः वाचले नाहीत. १९ पैकी जे तिघे वाचले, त्यांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. जटारांचे हे धैर्य मराठी वाचकांना आज फारसे ठाऊक नाही, याची खंत वाटते.

१९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आले आणि पंख्यांच्या विमानांचे दिवस सरले. ताफ्यातली आकाराने मोठी भावंडे, सुपर कॉन्स्टेलेशन, हवाई दलाच्या पुण्यातील सहाव्या स्क्वाड्रनकडे सागरी टेहळणीसाठी गेली. त्यांतली काही १९७६ मध्ये नौदलाने घेतली आणि ती गोव्यात दाबोळीहून अरबी समुद्रावर गस्त घालू लागली.