दाराशीं कोटाचें कपाट

घर बांधतांना प्रवेशदाराशीं कोटांसाठीं कपाट करावें कीं नाहीं, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबांत निघाला. सूनबाईचा आग्रह कपाटाचा. आल्यागेल्यास टेकावयास तेथें बांक असावा, हा माझा हट्ट.

ही चाल मूळची थंड देशांतली. तेथें लोंकरी कोट महिनेच्या महिने लागतो व घरांत येतांच उतरावा लागतो. सबब दाराशीं कपाट योग्यच. कोंकणांत आमच्या दाराशीं येतात त्या निथळत्या छत्र्या आणि रेनकोट. आषाढांत ओलें वस्त्र बंद कपाटांत कोंडलें कीं बुरशी आलीच. शिवाय कोट नीट टांगावयाचा तर कपाट सुमारें २ फूट खोल हवें. ४ फुटी वाटेची निम्मी त्यांतच गेली. आमच्या जुन्या घराच्या पडवींत उघड्या खुंट्या आहेत, त्या उगीच नव्हेत.

हें सर्व मीं ऐकविलें. सूनबाई शांतपणें म्हणाली, “मामंजी, खुंट्या आहेत खऱ्या, पण त्या सगळ्या आपल्या नि ह्यांच्या. कामावरून आल्यावर माझा निथळता रेनकोट मी रोज न्हाणीघरापर्यंत नेतें.”

मजजवळ उत्तर नव्हतें.

शेवटीं कपाट केलें नाहीं. नव्या पडवींत छपराखालीं माणशीं एक खुंटी ठोकली, पाणी निघून जाण्यास खालीं उतार ठेविला, शेजारीं लहानसा बांक. कोरडे कोट आंतल्या कपाटांत. घर बांधणारांनीं गवंड्याच्याही आधीं घरांतल्या प्रत्येकास विचारावें: बाहेरून आल्यावर तुमचें ओझें तुम्हीं कोठें ठेवितां?