तीस मिलिमीटरने काय होतंय? रेक-ट्रेलविषयीचे गैरसमज

“ताई, तीस मिलिमीटरचा तर प्रश्न आहे. गाडीला कळणारसुद्धा नाही.” मागच्या शॉकअपची लिंक बदलताना गॅरेजमधले दादा म्हणाले आणि मी मान डोलावली. माझी उंची पाच फूट दोन इंच. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत एवढंच मला हवं होतं, आणि ते झालं. पुढच्याच आठवड्यात दोन सॅडल बॅगा आणि टॉप बॉक्स भरून मी पुण्याहून गोव्याला निघाले. हायवेवर ट्रकच्या आडोशातून बाहेर पडलं की हँडल हलकं होऊन गाडी डोलायची. आंबोली घाटात याच्या उलट. संथ वळणावर हँडल आतल्या बाजूला पडू पाहायचं, ते धरून धरून सावंतवाडीला पोहोचेपर्यंत मनगटं भरून आली. गाडी तीच, टायर तेच, रस्ता ओळखीचा.

तेव्हापासून या विषयाचा पिच्छा पुरवते आहे. टूरिंग करणाऱ्यांच्या गप्पांत जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं अर्धवट आहे, आणि त्या अर्धवट माहितीवर लोक गाड्या बदलून घेतात याची मला खरोखर काळजी वाटते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं: “फोर्क जेवढा तिरका, गाडी तेवढी सरळ चालते.” इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं तो उभ्या रेषेपासून किती कललाय, तो रेक. तोच अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल आणि टायर जिथे टेकतं, त्यांच्यातलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीचं चाक पाहा. खुर्ची ढकलली की चाक वळून आपोआप मागे येतं, कारण ते आपल्या खुंट्याच्या मागे टेकलेलं असतं. मोटरसायकलचं पुढचं चाकही असंच अक्षाच्या मागे टेकतं आणि सरळ होऊ पाहतं. हे काम मुख्यतः ट्रेलचं. चॅसिसवर आयुष्य घालवलेल्या टोनी फोएल यांनी एका बीएमडब्ल्यूचा रेक शून्यापर्यंत आणून, ट्रेल राखून ती चालवून पाहिली होती. फोर्क उभा झाला म्हणून गाडी अस्थिर झाली नाही.

फोर्कचा तिरकेपणा आणि ट्रेल उलट दिशांनीही जाऊ शकतात, याचा चांगला दाखला हार्ली-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांत मिळतो. त्यांच्या दुचाकीत फोर्कचा कोन २९.२५ अंश आणि ट्रेल साधारण १७० मिलिमीटर. २००९ साली आलेल्या तीनचाकी ट्राय ग्लाइडमध्ये फोर्क आणखी तिरका, ३२ अंश, पण ट्रेल जेमतेम १०० मिलिमीटर. फोर्क पुढे सरकला की चाकाचा आस अक्षाच्या आणखी पुढे जातो आणि ट्रेल कमी होतो. तीनचाकी वळणात कलत नाही, ती हातांच्या जोरावरच वळवायची असते. दुचाकीचा ट्रेल तसाच ठेवला तर अर्ध्या तासात खांदे दुखतील. साइडकार लावताना ट्रेल कमी करतात तोही याच कारणाने. पण तशी ट्रेल कमी करणारी टी, म्हणजे फोर्कच्या नळ्या धरणारा जोड, दुचाकीला बसवून “हँडल हलकं झालं” म्हणून खूश होणं धोक्याचं आहे, कारण त्या हलकेपणात सरळ चालण्याची ओढही जाते.

टीच्या ऑफसेटबद्दल तर बहुतेकांचा अंदाज नेमका उलटा असतो. ऑफसेट म्हणजे हँडलचा अक्ष आणि फोर्कच्या नळ्या यांच्यातलं अंतर. ते वाढवलं की ट्रेल वाढत नाही, घटतो. रेक २६ अंश असेल तर ५ मिलिमीटर जादा ऑफसेट साडेपाच मिलिमीटर ट्रेल खातो.

आता माझ्या तीस मिलिमीटरचा हिशोब. टूरिंग गाडीचा व्हीलबेस साधारण १४६५ मिलिमीटर धरा, जुन्या ४११ सीसी हिमालयनचा तेवढा आहे. मागची बाजू ३० मिलिमीटर खाली बसली की अख्खी गाडी मागे कलते, रेक १.२ अंशाने वाढतो आणि ट्रेल साधारण ८ मिलिमीटरने. बॅगांच्या वजनाने मागचा शॉकअप आणखी दबतो, ते वेगळंच. घाटातलं कोडं इथे सुटतं. रेक आणि ट्रेल वाढले की हँडल वळवताना गाडीचं नाक खाली उतरतं, आणि वेग कमी असताना चाक स्वतःच आत पडतं.

पण ट्रेल वाढला होता तर हायवेवर गाडी का डोलली? ती तर जास्त सरळ चालायला हवी होती. मी याच प्रश्नाशी सगळ्यात जास्त काळ अडले, कारण मीही तोपर्यंत “ट्रेल म्हणजेच स्थिरता” हे समीकरण पाठ केलं होतं. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी एक सायकल मांडली. तिच्या फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेला, ट्रेल किंचित उलटा, तरी ती कुणी न धरता स्वतःचा तोल सांभाळत जाई. वजन कुठे ठेवलंय हे त्यात निर्णायक होतं. म्हणजे “चाकं फिरतात म्हणून गाडी उभी राहते” हेही अपुरं आणि “ट्रेल असला की झालं” हेही अपुरं.

माझ्या गाडीत वजन शेपटीवर गेलं होतं. मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे १० किलोचा टॉप बॉक्स लावला तर पुढच्या चाकावरून सुमारे २ किलो उचलले जातात. आकडा लहान वाटेल. पण ते ओझं उंचावर आहे, मागे लोंबतं आहे आणि ट्रकने फाडलेली हवा त्यावरच आदळते. शेपटी डोलू लागली की पुढचं हलकं झालेलं चाक तिला पुरेसं आवरत नाही. हा डोल संथ असतो, सेकंदाला दोन-चार हेलकावे, आणि तो सगळ्या गाडीला येतो. हँडल झपझप थरथरणं वेगळं. त्यासाठी आधी टायरमधली हवा, झिजलेलं पुढचं टायर आणि सैल कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बघावा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी ‘टक्’ करून अडकलं तर बॉलरेसला खड्डे पडलेत. स्टीअरिंग डॅम्पर लावला की हा दोष दबतो, जात नाही. आधी दोष काढावा, मग हवा तर डॅम्पर लावावा.

हँडल रायझरवर मात्र उगाच दोष येतो. रायझरने रेक किंवा ट्रेल काडीइतकाही बदलत नाही. बदलते ती तुमची बसण्याची ढब. पाठ ताठ होते, धडाचं वजन मागे जातं आणि छातीवर वारा जास्त लागतो. हँडलला घट्ट लटकलात तर तो वाऱ्याचा धक्का सरळ स्टीअरिंगमध्ये उतरतो.

कंपनीच्या कागदावरचा रेक उभ्या गाडीचा असतो, हेही विसरलं जातं. जोरात ब्रेक लावून पुढचे शॉकअप ८० मिलिमीटर दबले की रेक अडीच-तीन अंशांनी घटतो आणि ट्रेल दोनेक सेंटिमीटर कमी होतो. १९९३ साली बीएमडब्ल्यूने आर ११०० आरएसला टेलिलिव्हर सस्पेन्शन दिलं ते याचसाठी, की ब्रेकखाली नाक खुपसू नये आणि ट्रेल टिकावा. पुढचे फोर्क टीमधून वर सरकवून गाडी चपळ करणारे हा भाग सोडून देतात. १० मिलिमीटर सरकवले तर उभ्या गाडीचा ट्रेल जेमतेम अडीच मिलिमीटर घटतो, पण घाटउतारावर ब्रेक लावताना सुरुवातच तिथून होते. शिवाय शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या टीला घासत नाही ना, हे स्प्रिंग काढून बघावं लागतं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

मी जुनी लिंक परत लावली. सीटचा फोम दोन सेंटिमीटर कापून घेतला, जाड तळाचे बूट घेतले, मागच्या शॉकअपचा प्रीलोड बॅगांच्या वजनासाठी वाढवला. हत्यारं आणि पाणी सॅडल बॅगांच्या तळाला, पुढच्या कोपऱ्यात. टॉप बॉक्समध्ये आता फक्त रेनकोट. सिग्नलला एकच पाय पुरा टेकतो, दुसऱ्याचा चवडा.

लिंक काढण्याआधी मात्र मी ट्रेल मोजला होता. गवंड्याचा ओळंबा पुढच्या आसापासून सोडला आणि जमिनीवर खडूने खूण केली. मग सरळ लाकडी पट्टी हेडपाइपच्या रेषेत धरून ती जिथे टेकते तिथे दुसरी खूण. दादा पट्टी धरून होते. बॅगा लादून आणि मला गाडीवर बसवून एकदा, लिंक बदलल्यावर तसंच पुन्हा. खडूच्या खुणांतलं अंतर बोटाच्या एका पेराच्या निम्म्याने सरकलं होतं. दादांनी वाकून ते दोनदा मोजलं, काही बोलले नाहीत. ओळंबा मी तिथेच विसरले. आता तो त्यांच्या गॅरेजात हवेच्या नळीशेजारी खिळ्याला टांगलेला असतो, आणि लिंक बदलून मागणाऱ्याची गाडी आधी त्याच्याखाली उभी राहते.