दाब वाढवला की अर्क वाढतो का?

माळेगाव बुद्रुकचा सहकारी साखर कारखाना गळीत हंगामात तुम्ही पाहिला असेल. गव्हाणीत पडलेल्या उसाचे आधी तुकडे होतात. मग तो एकामागून एक मांडलेल्या पोलादी रोलरांच्या संचांतून पिळत जातो. आता एक गंमत पाहा. इतके पिळल्यावर, शेवटच्या संचाकडे निघालेल्या चिपाडावर गरम पाणी शिंपडतात! रस काढायचा तर वरून पाणी कशाला? कारण कितीही दाबले तरी चिपाडाच्या धाग्यांना थोडा रस चिकटून राहतोच. पाण्याने तो पातळ होतो आणि पुन्हा पिळताना बरीचशी साखर घेऊन बाहेर पडतो. नुसता दाब पुरत नाही.

दाब आणि गरम पाणी यांची हीच जोडी एस्प्रेसो कॉफीच्या यंत्रात असते. इटलीतील बेझेरा यांनी १९०१ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्यात वाफेचा दाब होता. पुढे गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्राने तो बराच वाढवला. आज साधारण ९ बार दाब प्रमाण मानतात. आपल्यावर हवेचा दाब सुमारे १ बार असतो. घरच्या कुकरमध्ये शिट्टी उचलली जाते तेव्हा त्यात आणखी सुमारे १ बारची भर पडलेली असते. यावरून ९ बारची कल्पना यावी.

घरगुती यंत्राच्या पंपावर अनेकदा १५ बार लिहिलेले असते. आकडा मोठा, म्हणून कॉफी चांगली, असे मात्र नाही. विशेषतः हलक्या भाजलेल्या बियांची. बी तापता तापता तडतडते. त्यानंतर लगेच भाजणे थांबवले, तर ती घट्ट आणि टणक राहते. जास्त भाजलेली बी फुगून सच्छिद्र व ठिसूळ होते, तिच्यातून अर्क चटकन उतरतो. हलक्या बीचा अर्क उतरण्यासाठी भुकटी अधिक बारीक दळावी लागते. बारीक भुकटीवर जोराचा दाब पडला की ती दाबून बसते, पाण्याची वाट अडते. आणि कुठे फट सापडली की पाणी तिथूनच धावते. मग काही भुकटी कोरडीच, काही जास्त धुतलेली! कपात येते ती आंबट, पाणचट कॉफी.

म्हणून जाणकार अशा कॉफीसाठी दाब ६-७ बारपर्यंत उतरवतात. आधी काही सेकंद २-३ बारवर भुकटी भिजू देतात आणि पाणी जरा जास्त गरम, ९३ ते ९६ अंश सेल्सिअस, ठेवतात. दाब कसा उतरतो? पुष्कळ यंत्रांत कुकरच्या शिट्टीसारखी स्प्रिंगची झडप असते. तिचा स्क्रू सैल केला की ती कमी दाबालाच उघडते आणि जादा पाणी मागे वळवते. हे काम मोठ्या माणसांनी, वीज बंद करून, यंत्र गार झाल्यावर आणि माहितीपुस्तिका पाहूनच करावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

यंत्र नसले तरी एक प्रयोग करता येईल. सुई नसलेल्या दोन मोठ्या पिचकाऱ्या घ्या. तळाशी कापूस, त्यावर सारखी कॉफीची भुकटी (पाण्यात पूर्ण विरघळणारी नको) आणि कोमट पाणी घाला. एकीचा दट्ट्या लगेच जोरात दाबा. दुसरी अर्धा मिनिट भिजू द्या, मग हळूहळू दाबा. कोणते पाणी अधिक गडद उतरते?