शिकारीच्या धनुष्यापासून कंपाउंडपर्यंत

डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्मच्या लाकडाची धनुष्ये सुमारे 9000 वर्षांपूर्वीची आहेत. शिकारीचे हे साधन पुढे युद्धात आले. 1415 मध्ये अजिंकूरला इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली. बंदुका आल्या, धनुष्याची सद्दी संपली आणि उरला तो छंद.

ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी 1900 साली आली, पण देशोदेशीचे नियम निरनिराळे असल्याने 1920 नंतर ती वगळली गेली. 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, तरी पुनरागमनाला 1972 उजाडावे लागले. आता रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याने 70 मीटरवरील 122 सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरायचा असतो. त्यात 10 गुणांचे वर्तुळ जेमतेम 12.2 सेंटिमीटरचे.

खरी क्रांती मात्र कंपाउंड धनुष्याने केली. त्याचे पेटंट अमेरिकेतील हॉलेस ॲलन यांना 1969 मध्ये मिळाले. या धनुष्याच्या टोकांना चाके असतात. दोरी ओढताना सुरुवातीला जोर लागतो, पण ती पूर्ण ताणली की हातावरचा भार एकदम उतरतो आणि नेम स्थिर राहतो. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विजेते ठरले. ओजसने अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण मिळवले.