आयजीआय : आधी दुर्बीण, मग बंदूक

‘प्रोजेक्ट आयजीआय’ सुरू केला की पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. डेव्हिड जोन्स नावाचा गुप्तहेर एका टेकाडावर एकटा उभा असतो. खाली तारेचं कुंपण, टेहळणीचे मनोरे, बराकी आणि येरझाऱ्या घालणारे पहारेकरी. कमरेला पिस्तूल आहे, पण आधी काढायची ती दुर्बीण. कोण कुठून कुठे फिरतोय, मनोऱ्यावर कुणी आहे का, आत शिरायला जागा कुठे आहे, हे नीट बघून घ्यायचं. माझा मावसभाऊ हे काही न करता धावत सुटायचा, फाटकापाशीच मरायचा आणि वर गेमलाच शिव्या घालायचा.

हा फर्स्ट पर्सन शूटर. म्हणजे नायक आपल्याला दिसत नाही, त्याच्या डोळ्यांनी आपण बघतो. पडद्यावर दिसते ती फक्त त्याच्या हातातली बंदूक. 2000 साल संपता संपता हा गेम आला, तेव्हा या जातीच्या बहुतेक गेममध्ये खोल्या, बोळ आणि पुन्हा खोल्या असायच्या. इथे मात्र दूरवर डोंगर आणि त्यांच्यापर्यंत मोकळं रान. त्याचं कारण गमतीदार आहे. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने त्याआधी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा लढाऊ विमान उडवण्याचा गेम केला होता, आणि त्याचंच इंजिन त्यांनी इथे वापरलं. विमानातून मैलोन् मैल दिसावं लागतं. ते इंजिन जमिनीवर आल्यावर आपल्याला अख्ख्या लष्करी तळाला मागून वळसा घालता येऊ लागला.

साताऱ्यात मी तो पोवई नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत खेळले. बाकीच्या मशिनांवर पोरं लॅनवर काउंटर-स्ट्राइक खेळत आरडाओरडा करायची. आयजीआयमध्ये दुसऱ्याबरोबर खेळायची सोयच नव्हती. तरी एकटीला कोण खेळू देतंय! खुर्चीवर मुलगी बसलेली दिसली की मागे उभ्या असलेल्यांचे सल्ले दुप्पट वाढायचे. शिवाय गेम पुढे सरकायचा तो त्या एका मशिनवर. ‘आपलं’ मशिन कुणी अडवलं असेल, तर शेजारच्यावर पुन्हा पहिल्या मिशनपासून सुरुवात.

मिशन मात्र एका दमात पुरं करावं लागतं. एकूण चौदा मिशन, आणि मिशन चालू असताना कुठेही सेव्ह करता येत नाही. अर्धा-पाऊण तास सरपटत, शिड्या चढत, कॅमेरे चुकवत शेवटच्या इमारतीशी पोचावं आणि मागून एक गोळी यावी, की परत टेकाडावर. त्यात तासाचे पैसे चालूच. सेव्ह नसण्यावर समीक्षकांनी कडक टीका केली होती. मला विचाराल तर गेमचा जीव याच जाचात आहे. सेव्ह करता आलं असतं, तर दुर्बिणीला कुणी हात लावला असता?

खरी परीक्षा भोंग्याची. पहारेकऱ्याने किंवा कॅमेऱ्याने पाहिलं की भोंगा वाजतो आणि बराकीतून सैनिक बाहेर पडू लागतात. म्हणून आधी कॅमेऱ्यांचा कंट्रोल असलेला कॉम्प्युटर गाठायचा, ते बंद करायचे, आणि सायलेन्सरवाली एमपी5 मिळाली असेल तर तीच हाताशी ठेवायची. मनोऱ्यावर ड्रॅगुनोव्ह सापडली की तळ आपलाच, असं वाटतं. पण तिचा आवाज लांबवर जातो.

सैनिकांची अक्कल मात्र यथातथाच. शेजारचा कोसळला तरी काही जण आपली फेरी पुरी करतात. पण नेमबाजी अशी, की अंगातली अर्धी ताकद एका झटक्यात जावी. ती थोडीफार भरून काढायला कुठेतरी एखादं इंजेक्शन सापडतं, तेवढंच. कथानक तर विसरलं तरी चालतं: चोरीला गेलेला अणुबॉम्ब, एस्टोनिया, प्रिबॉय नावाचा शस्त्रदलाल, आणि कानात सतत सूचना देणारी आन्या. ही आन्या कधी स्वतः मैदानात उतरेल, याची मी उगाच वाट बघायचे. त्याच वर्षी आलेल्या ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’मध्ये केट आर्चर ही बाईच गुप्तहेर आहे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या कॅफेत तो गेम कुणी लावलाच नव्हता.

2003 मध्ये ‘आयजीआय 2’ आला आणि त्याच वर्षी इनरलूप बंद पडली. या दुसऱ्या भागात दुसऱ्यांशी खेळायची सोय आली आणि मिशनच्या मध्येही सेव्ह करता येऊ लागलं, पण मोजक्याच वेळा. मावसभाऊ ती सगळी सेव्ह फाटकाच्या आतच उडवतो.