हॉल 'पाचशेचा' म्हणतात, पण जिना कितीचा? बुकिंगआधी असा करा हिशेब

इतवारी (नागपूर) : लग्नसराई लागली की उमरेड, कुही, मौदा, रामटेककडची मंडळी बस्ता आणि दागिन्यांसाठी इतवारीत उतरतात. त्याच फेरीत कोणी हॉलही पाहून घेतात. हॉलवाला सांगतो, "पाचशे माणूस आरामात बसते." हा आकडा बहुतेक वेळा पंगतीच्या अंदाजाचा असतो. आगीच्या नियमाचा आकडा वेगळा निघतो, आणि तो काढायला इंजिनिअर लागत नाही. टेप आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरे.

आधी जागा मोजा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार खुर्च्या-टेबल मांडलेल्या हॉलमध्ये माणशी १.४ चौरस मीटर, म्हणजे साधारण १५ चौरस फूट जागा धरतात. दाटीने उभी गर्दी असेल तर ०.६५ चौरस मीटर, म्हणजे ७ चौरस फूट. समजा हॉल ४० बाय ६० फूट, म्हणजे २४०० चौरस फूट. खुर्च्या टाकल्या तर १६० माणसं. उभ्याने ३४० च्या आसपास. त्यातही स्टेज आणि जेवणाचे काऊंटर जेवढी जागा अडवतात तेवढी वजा करा. पाचशे कुठून आले, ते हॉलवाल्यालाच विचारा!

आता खरी गोम. माणसं मावली, पण निघणार कुठून? संहितेत सपाट वाटेला माणशी साडेसहा मिलीमीटर आणि जिन्याला १० मिलीमीटर रुंदी धरली आहे. चार फुटी दरवाजा म्हणजे १२२० मिलीमीटर, त्यातून १८७ माणसांचा हिशेब बसतो. एक पल्ला कडी लावून बंद ठेवला की तो निम्म्यावर आला. हॉल वरच्या मजल्यावर असेल आणि जिना एकच, तोही तीन फुटी, तर आकडा जेमतेम ९१. जागेचा आणि वाटेचा, या दोन आकड्यांत जो लहान तोच खरा. शिवाय बाहेर पडायच्या वाटा किमान दोन हव्यात, त्याही एकमेकींपासून लांब. एकाच कोपऱ्यात दोन दरवाजे असले तर आग लागल्यावर दोन्ही एकदमच बंद होतात.

हे कागदी वाटत असेल तर दिल्लीचं उपहार थिएटर आठवा. १३ जून १९९७ ला तिथे ५९ जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून उजवीकडची वाट बंद केलेली होती. मुंबईत कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला १४ जीव गेले. गोव्यात हडफड्याच्या नाईट क्लबात डिसेंबर २०२५ मध्ये २५ जण गेले. तिथे रस्ता अरुंद, अग्निशमनाच्या गाड्या लांबच थांबवाव्या लागल्या. इतवारीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात, हातगाड्या आणि दुचाकींतून जे वाट काढतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी पोचेपर्यंत जे करायचं ते हॉलच्या दारा-जिन्यालाच करावं लागतं.

कागदाचंही विचारा. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते दाखवायला हॉलवाल्याने कां-कूं केली तर काय समजायचं ते समजा. ॲडव्हान्सच्या पावतीवर माणसांचा आकडा लिहून घ्या.

आणि लग्नाच्या दिवशी, वरात यायच्या आधी, घरातल्या एका पोराला कामाला लावा. मागचं दार उघडून पाहायचं. बिनबोलावले पाहुणे शिरू नयेत म्हणून त्याला कुलूप ठोकलेलं असतं, चावी मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेला. जिन्याखाली सिलिंडर, कुलरचे खोके, गाद्यांचा ढीग दिसला तर तिथल्या तिथे हलवायला लावा. अग्निशमनाचा नंबर १०१, तोही त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह असू द्या.